जमिनीवर फक्त ढब्बू

३ नोव्हेंबर, सोमवार

आज माझा पाय ढब्बूच्या बोटांवर पडला.

लिहून टाकलं एकदाचं. आता दुपार आहे, मी खिडकीपाशी शिलाई मशीनवर वही ठेवून बसलेय आणि तो झोपलाय. बोटं लाल आहेत, सुजलेली नाहीत. मुठी वळतोय. दहादा बघून आले.

झिप बदलायला आलेली पँट घेऊन आतल्या खोलीत चालले होते. जमिनीवर नेहमीचं रणांगण. ठोकळे, एका पायाचा घोडा, खडू, बाहुलीचं भांडंकुंडं. ते दिसलं मला. पायाखाली काहीतरी मऊ लागलं तर वाटलं, कापडी चेंडू असेल. मग तो किंचाळला.

खोलीच्या मधोमध बसलेलं दहा महिन्यांचं पोर आईला दिसत नाही! कोणाला सांगू मी हे? सुईत दोरा मी एका झटक्यात ओवते. बारीकात बारीक रफू करते, गिऱ्हाइकं म्हणतात, तुमचे डोळे म्हणजे डोळे आहेत. आणि दारातली बादली मात्र लाथ बसली की कळते. समोरचं लख्ख दिसतं, खालचं आणि बाजूचं जणू कोणीतरी कात्रीने कापून नेलंय. संध्याकाळी तर विचारायलाच नको.

आमचे सुतार जेवायला आले. (नवरा. धंद्याने सुतार, म्हणून या वहीत हेच नाव.) ढब्बूची बोटं बघून म्हणाले, "हे काय झालं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ठोकळ्यांत अडकली. तुम्हीच बघा ना, किती पसारा झालाय." ते म्हणाले, "अगं, घर आहे की भंगाराचं दुकान? आवरून टाक ना सगळं एकदाचं." म्हणजे आळ पसाऱ्यावर गेला आणि मी सुटले. सुटले कसली, तेव्हापासून त्याची बोटंच मोजतेय.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस नुसतं आवरतेय. चादर पसरली आणि कपाटाखालचं, पलंगाखालचं, गादीखालचं सगळं तिच्यावर ओतलं. टोपण नसलेली स्केचपेनं. दगड झालेला डिंक. वाळलेल्या मातीच्या गोळ्यात अडकलेले केस, शी! चार चित्रकोड्यांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले, त्यातल्या एकाही वाघाला शेपूट नाही. आणि मणी. देवा रे, मणी! फटीफटीतून मणी निघाले. ढब्बूने एकही गिळला नाही हे नशीबच म्हणायचं.

नियम एकच केलाय. जमिनीवर काहीही राहणार नाही. चेंडू नाही, खडू नाही, चप्पलसुद्धा नाही. जमिनीवर असेल तर फक्त ढब्बू. म्हणजे पायाला काही लागलं, की तो आहे असं समजून जागच्या जागी थांबायचं. कारण कोणाला सांगितलं नाही. सांगितलं "शिस्त."

मला वाटलं होतं भिंगरी थयथयाट करेल. आमची थोरली आठ वर्षांची आहे, स्वतःचा मोजा उचलायला तिला निमंत्रण लागतं. (लहानपणी दिवसभर गोल गोल फिरायची म्हणून भिंगरी. हल्ली फिरत नाही, मोठी झाली.) पण ती शहाण्यासारखी मांडी घालून बसली आणि काय कुठे जाणार ते विचारत राहिली. बाहुल्या कुठल्या फळीवर? लोकर त्यांच्या उजवीकडे ना? मग म्हणाली, "आई, डबे कायम इथेच राहणार ना? कोणी हलवणार नाही ना?"

"कोण हलवतंय? तूच टाकशील इकडेतिकडे."

"मी नाही हलवणार. शप्पथ."

माझा तर ऊर भरून आला. पोरीला वळण लागतंय म्हटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सुतारांनी आतल्या खोलीत फळ्या ठोकून दिल्या. खाली मोठे डबे, त्यात ढब्बूने ओढले तरी चालेल असं सामान, म्हणजे ठोकळे, कापडी प्राणी, बाहुल्या. सगळ्यांत वर, त्याचा हात पोचणार नाही तिथे, मणी, कात्र्या, टिकल्या, घुंगरं. प्रत्येक डब्यावर मी कागद चिकटवला आणि माझ्या ठेवणीतल्या अक्षरात नाव लिहिलं. सुतार कमरेवर हात ठेवून म्हणाले, "दुकान उघडतेस की काय?" खरंच सुरेख दिसत होतं.

एवढं करून माझी भीती तसूभर कमी झाली नाही. दिवस लहान होत चाललेत, उजेड रोज थोडा लवकर जातो. मी चार वाजताच सगळे दिवे लावते. सुतार बडबडतात, मी म्हणते शिवणाला लागतात.

माझ्या बाबांची आठवण येते. खुर्ची कोणी वीतभर हलवली तर घर डोक्यावर घ्यायचे. "वस्तू जागच्या जागी हवी!" आम्ही म्हणायचो, किती तो स्वभाव. शेवटी तर काठीशिवाय चालता येईना, लोक म्हणाले म्हातारपण. पण खुर्चीवरून ओरडायचे तेव्हा कुठे म्हातारे होते? माझ्याच वयाचे असतील. हा विचार मी इथेच थांबवते.

८ नोव्हेंबर, शनिवार

डोकं फिरलंय माझं! माझ्या इतक्या छान कागदांवर भिंगरीने वाट्टेल ते चिकटवून ठेवलंय. बाहुल्यांच्या डब्यावर लोकरीचा गुंडा. ठोकळ्यांवर सुतारांच्या पॉलिश पेपरचा खरखरीत तुकडा. कोड्यांवर माझं चांगलं कोटाचं बटण, मी दोन दिवस शोधत होते ते! अक्षर सगळं झाकलं गेलं.

"हा काय अवतार केलास गं?"

"असंच छान दिसतं."

"छान? नाव वाचता येत नाही त्यावरचं. काढ ते."

काल रात्रीच मी बटण उपटून काढलं. आज सकाळी बघते तर दुसरं बटण तिथे हजर, त्याहून मोठं. हट्टीपणा कोणाचा घेतलाय, वेगळं सांगायला नको. जाऊ दे म्हटलं, निदान डबे जागेवर तरी ठेवते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेत बोलावलं होतं. बाई म्हणाल्या, भिंगरीचं लक्ष नसतं. खेळाच्या तासाला चेंडू सरळ कानशिलावर बसला, ती हललीसुद्धा नाही. जिन्यात पायरी चुकली. मुलं धांदरट म्हणून चिडवतात. संध्याकाळच्या नाटकाच्या तालमीला तर ती यायलाच तयार नाही.

घरी येईपर्यंत मी तिला फाडून खाल्लं. "डोळे काय कपाळावर ठेवून चालतेस? सगळ्यांच्यात माझी मान खाली गेली." ती माझा हात घट्ट धरून चालत होती, खाली मान घालून. एवढी मोठी घोडी झाली तरी रस्त्यात हात सोडत नाही. मला खरं तर बरंच वाटतं. तिने हात धरला की फुटपाथची कड मलाही कळते.

सासूबाई दोन गल्ल्या सोडून राहतात. त्या मला अगदी हेच म्हणतात, "तुझं लक्ष असतं तरी कुठे?" माझी सगळ्यांत मोठी भीती त्याच आहेत. वाईट नाहीत त्या. पण त्यांना कळलं की मला पोर दिसत नाही, तर ढब्बूला उचलून घेऊन जातील. "चालायला लागेपर्यंत राहू दे माझ्याकडे," म्हणतील. आणि सुतार नाही म्हणणार नाहीत, मी सांगते. का म्हणतील? कोणता शहाणा बाप असल्या आईजवळ तान्हं पोर दिवसभर ठेवेल? मग माझ्याकडे काय राहिलं, आवरलेली खेळणी?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भिंगरीला कळलंय.

आज भाजी निवडत होते तर छुम छुम आवाज. बघते तर ढब्बूच्या मोज्याला नाटकाच्या मुकुटासाठी आणलेलं घुंगरू दोऱ्याने बांधलेलं.

"हे का बांधलंस?"

"तो कुठे आहे ते कळतं."

अगदी सहज म्हणाली. डब्यांवरची बटणं, लोकर, सगळं डोक्यात उभं राहिलं. ही पोरगी सगळं ओळखून आहे आणि बिनबोभाट माझी सोय लावतेय! लाज वाटली आणि भीती त्याहून जास्त. आजीसमोर हिच्या पोटात काही राहत नाही.

मी तिला जवळ घेतलं. "आजीला काही सांगायचं नाही हं."

"नाही सांगणार." मग जरा थांबून, "तू पण सांगू नकोस, आई. बाबांना पण नको."

घुंगरं न विचारता घेतली म्हणून घाबरली असेल. मी म्हटलं, "नाही गं सांगत." मोजा काढून घेतला आणि घुंगरू दुहेरी टाक्याने आतून शिवून टाकलं, तोंडात जायला नको. खरं सांगायचं तर आज पहिल्यांदा मी जरा मोकळेपणाने घरभर फिरले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सासूबाई आल्या होत्या. भिंगरी खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे होती. फळ्या बघून खूष झाल्या, पण हात काही स्वस्थ बसेना. "हे बघ, मोठे वर, छोटे खाली, कसं टापटीप दिसतं. आणि हे काय चिकटवून ठेवलंय? शी!" मी चहा करून आणेपर्यंत सगळे डबे नव्याने लावून मोकळ्या. लोकर, बटणं, पॉलिश पेपर, सगळं ओरबाडून केराच्या टोपलीत. ओल्या फडक्याने पुसूनही घेतलं.

मी म्हटलं, "वा, छान झालं." काय म्हणणार होते? डबे हलवले म्हणून तोंड उघडलं असतं तर कारण विचारलं असतं. गेल्यावर कपबशी विसळताना हातातून बशी सुटली. भिंगरीला उद्या सांगू, आज कशाला रडारड.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल लिहिता आलं नाही. आता दुपार आहे, तरी सगळे दिवे लावून बसलेय.

काल साडेपाचचा सुमार. आतल्या खोलीतला दिवा लावायचा राहिला होता, एवढंच झालं. गिऱ्हाईक दारात आलं, पैशांवरून घासाघीस करत बसलं आणि माझा चार वाजताचा नेम चुकला. भिंगरी आत बाहुल्या घ्यायला गेली. डबे हलवलेत हे सांगायचं माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

आधी डबा पडल्याचा आवाज. मग सरसरत काहीतरी जमिनीभर पसरत गेल्याचा. मणी! छोटा डबा, म्हणून सासूबाईंनी तो खालच्या फळीवर ठेवलेला. मग छुम छुम छुम, ढब्बू घाईघाईने तिकडे निघालेला. आणि मग ते घुंगरू थांबलं.

असली शांतता शत्रूच्या वाट्यालाही येऊ नये.

गिऱ्हाइकाच्या तोंडावर दार लावून मी धावले, दाराची चौकट खांद्याला लागली. दिवा लावला. तपकिरी फरशी, लाल आणि तपकिरी मणी, आणि मला त्यातलं ताटलीएवढं दिसतंय. ढब्बू कुठेच नाही. मान फिरवतेय, फिरवतेय, नाहीच. "ढब्बू! भिंगरी, ढब्बू कुठाय?" ती रडत म्हणाली, "मला माहीत नाही." मला राग आला, त्याच खोलीत उभी आहेस आणि माहीत नाही? पाय उचलायची हिंमत होईना. तशीच खाली बसले आणि हातांनी चाचपडत निघाले. फळ्यांच्या कोपऱ्याशी त्याचा मोजा हाताला लागला. साहेब मजेत बसून काहीतरी चघळत होते. तोंडात बोट घातलं, गालातून एक मणी निघाला. मग आणखी एक. मग तो भोकाड पसरून रडला आणि मी म्हटलं रड बाबा, पोटभर रड.

त्याला कडेवर घेतलं आणि उरलेले मणी वेचायला लागले. भिंगरीही वेचत होती. तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. दिवा लख्ख होता. ती गुडघ्यांवर बसून दोन्ही तळवे फरशीवर फिरवत होती, पीठ सारखं करतात तशी. तिच्या गुडघ्याला लागून एक लाल मणी होता.

"अगं तो घे ना, गुडघ्यापाशी."

"कुठे?"

"तिथेच. उजवीकडे."

तिने हात नेला आणि तो मण्यावरून पुढे गेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी नक्कल! "भिंगरी, चेष्टा सुचतेय तुला?"

ती रडायला लागली. मग माझाच बांध फुटला. "तुला माहीत आहे ना सगळं? आईला नीट दिसत नाही ते? म्हणूनच बटणं चिकटवलीस, म्हणूनच घुंगरू बांधलंस. माझ्यासाठीच ना?"

तिने रडणं थांबवून माझ्याकडे बघितलं. नुसते डोळे नाही, सबंध मान वळवून. मी वळवते तशी.

"तुला पण?" ती म्हणाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सुतारांना सांगितलं. दोघींचं. आधी तिचं, मग माझं, कारण माझं आधी सांगताना जीभ उचलेना.

ते म्हणाले, "मला वाटायचं, मी पुढे केलेला ग्लास तू रागाने घेत नाहीस." मी हसले आणि हसता हसता रडले. ते उठले, दारातली बादली उचलून मोरीत ठेवली, स्टूल भिंतीला लावलं, परत येऊन बसले. "बोटं ठोकळ्यांत नव्हती अडकली ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, माझ्या.

भिंगरीला कधीपासून होतंय हे तिलाही सांगता येत नाही. तिला वाटायचं सगळ्यांनाच असं दिसतं आणि बाकीची मुलं हुशार असतात. तिला मी डोळे कपाळावर आहेत का म्हणून बोलले. ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

शनिवारी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय. सासूबाईंना सुतारच सांगून आले. त्या संध्याकाळी आल्या, थेट फळ्यांपुढे बसल्या आणि भिंगरीला म्हणाल्या, "कुठला डबा कुठे होता, सांग मला." डबे जागेवर गेले. ढब्बूला नेण्याचं काढलं नाही त्यांनी. शनिवारनंतर काढतील, अशी धाकधूक आहेच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी भिंगरीने मला डबे शिकवले. मीच माझ्या हाताने माझे कागद काढले आणि तिने नव्याने लोकर, बटणं, पॉलिश पेपर लावलं. "डोळे मीट आई, उघडे ठेवून नाही येत." मी मिटले. बाहुल्या बरोबर आल्या, कोडी बरोबर आली, कात्र्यांच्या जागी रंग म्हणाले तर ती खो खो हसली. किती दिवसांनी हसताना ऐकलं तिला.

ती शाळेत गेली. ढब्बू जमिनीवर मधोमध बसलाय, दुसरं काहीही नाही तिथे. मी त्याच्यासमोर बसले. एक गोष्ट तीन दिवस डोक्यात आहे, ती सुतारांपाशीही बोललेले नाही. बाबा, मी, भिंगरी.

लाल चेंडू घेतला. त्याच्या पाठीमागून, आवाज न करता, हळूहळू उजव्या बाजूने पुढे आणला. कानाच्या रेषेत आला, जरा पुढे आला, आणि त्याने मान वळवून चेंडू पकडला. हसला. मीही हसले, त्याचा पापा घेतला.

मग चेंडू डाव्या हातात घेतला. तो अजून माझ्या मांडीवरच आहे. ढब्बू वाट बघतोय, घुंगरू वाजवतोय, आणि माझा हात काही वर उचलत नाही.